येरिंग : यारा नदीकाठच्या एका नियमित झालेल्या अतिक्रमणाचा इतिहास

गायरानावर कोणीतरी आधी काटेरी कुंपण घालावे, मग झोपडी उभारावी, मग विहीर खणावी, आणि पुढे कधीतरी शासनाने ठरावीक रक्कम भरून घेऊन ते सगळे नियमानुकूल करून द्यावे, हा प्रकार तलाठी कार्यालयाची पायरी चढलेल्या कोणत्याही मराठी माणसाला परका नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या जमिनीचा इतिहास बहुतांशी याच प्रकारचा आहे. फरक असलाच तर आकाराचा, कारण तिथे एकेका अतिक्रमण करणाऱ्याच्या हाती एका वेळी हजारो हेक्टर जमीन आली, आणि त्यातून जो वर्ग उभा राहिला तो राज्यातील सर्वांत प्रतिष्ठित वर्ग ठरला. या लोकांना स्क्वॉटर म्हणत, आणि त्यांच्या ताब्यातील विस्तीर्ण चराऊ रानाला रन. मेलबर्नमध्ये राहायला आल्यापासून पाहुण्यांना यारा नदीच्या खोऱ्यात घेऊन जाणे हा माझ्या संसाराचा एक भागच झाला आहे. सगळे जातात त्या द्राक्षमळ्यांत आम्हीही जातो, आणि त्यांत येरिंग हे नाव टाळता येत नाही. या नावामागचे रन कसे मिळाले, कसे टिकले आणि त्याच नदीकाठी दुसऱ्या कोणाला तेच का मिळू शकले नाही, हे वाचत गेल्यावर जे हाती लागले ते येथे मांडतो आहे.

सुरुवात कायद्यापासून करायला हवी, कारण स्क्वॉटिंगची सगळी गंमत कायद्यात आहे. न्यू साउथ वेल्सच्या वसाहत सरकारने १८२९ मध्ये सिडनीभोवतीच्या एकोणीस परगण्यांची हद्द आखली आणि तिच्याबाहेर वस्ती करण्यास मनाई केली. सरकारचा हेतू सरळ होता : वस्ती पसरली की पोलीस, न्यायालये, रस्ते सगळे पसरवावे लागते आणि त्याला पैसा लागतो. पण इंग्लंडच्या गिरण्यांना लोकर हवी होती, मेंढी गवताच्या मागे जात होती, आणि मेंढीचा मालक मेंढीच्या मागे. काही वर्षांतच हद्दीबाहेर इतके कळप गेले की त्यांना परत आणणे अशक्य झाले. दक्षिणेकडे तर गोष्ट याहून पुढे गेली होती. जून १८३५ मध्ये जॉन बॅटमन हा माणूस टास्मानियातून सामुद्रधुनी ओलांडून, आज जिथे मेलबर्न आहे त्या पोर्ट फिलिपच्या उपसागरात आला, आणि घोंगड्या, सुऱ्या, आरसे, पीठ असे सामान व दरवर्षी काही देण्याचे वचन यांच्या बदल्यात सुमारे सहा लाख एकर जमीन तेथील मूळ रहिवासी असलेल्या कुलिन लोकांच्या आठ प्रमुखांकडून आपण घेतली असा करार त्याने कागदावर उतरवला. त्या प्रमुखांना त्या कागदाचा अर्थ इंग्रजी अर्थाने समजला असण्याची शक्यता फार कमी. तरीही त्या कागदात एक गोष्ट मान्य केलेली होती, ती म्हणजे जमिनीला आधीचे मालक आहेत. गव्हर्नर बर्क यांनी ऑगस्ट १८३५ मध्ये जाहीरनामा काढून हा करार रद्दबातल ठरवला, आणि तो ज्या कारणाने ठरवला ते महत्त्वाचे आहे : जमीन राजसत्तेची आहे, म्हणून तेथील मूळ रहिवाशांना ती देण्याचा किंवा विकण्याचा अधिकारच नाही. आल्या आल्या एका वाक्यात सगळी मालकी लंडनकडे गेली.

पुढच्याच वर्षी, १८३६ मध्ये, त्याच सरकारने हद्दीबाहेर चराई करणाऱ्यांसाठी परवाना सुरू केला. वार्षिक शुल्क दहा पौंड. किती जमीन, कोणत्या सीमा, किती जनावरे, याची मोजणी नाही. अर्जदार लायक माणूस आहे एवढे पटले की झाले. त्याच सुमारास, त्याच साम्राज्याचे गोल्डस्मिड आणि विंगेट हे अधिकारी इंदापूर तालुक्यात शेतकऱ्याच्या एकेका वावराची मोजणी करत होते, मातीची प्रत लावत होते आणि त्यावरून तीस वर्षांचा सारा ठरवत होते. इंदापूरच्या कुणब्याकडून कसून वसुली करायची होती म्हणून साखळी आणि नकाशा आला. पोर्ट फिलिपच्या स्क्वॉटरला काही द्यायचे होते म्हणून साखळीची गरज भासली नाही. हे दोन्ही एकाच दशकात घडले, हे मला फार बोलके वाटते.

परवाना सुरू झाल्यानंतर वर्षा-दोन वर्षांतच विल्यम रायरी हा तरुण न्यू साउथ वेल्सच्या दक्षिण भागातील आर्नप्रायर या आपल्या गुरे राखण्याच्या ठाण्यावरून कळप घेऊन डोंगराळ प्रदेशातून खाली उतरला. वाटेत रस्ता असा नव्हताच. डोंगर उतरून तो यारा नदीच्या वरच्या खोऱ्यात पोहोचला आणि तेथील नदीकाठचे सपाट, ओलसर, गुडघाभर गवताचे पट्टे पाहून थांबला. त्याने आणि डोनाल्ड व जेम्स या दोन भावांनी मिळून सुमारे ४३,००० एकर जमिनीवर चराईचा परवाना घेतला. म्हणजे सतरा हजार हेक्टरांहून अधिक. जागेचे मूळ नाव त्यांनी थोडेसे इंग्रजी वळणाने तसेच ठेवले : येरिंग. मेलबर्न तेव्हा जेमतेम मातीच्या रस्त्यांचे गाव होते आणि येरिंगपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर होते, म्हणजे विकायची गुरे पायी चालवत नेता येतील इतके जवळ. हेच अंतर पुढे या रनच्या नशिबाला फार उपयोगी पडले.

हिशेबाची बाजू एकदा पाहून घेण्यासारखी आहे. १८४० च्या सुमारास पोर्ट फिलिपमध्ये सरकारकडून जमीन विकत घ्यायची झाली तर किमान दर एकरी साधारण एक पौंडाच्या घरात गेला होता. त्या दराने ४३,००० एकरांची किंमत ४३,००० पौंड झाली असती. परवान्यासाठी लागत होते दहा. १८३९ पासून जनावरांवर डोईपट्टी लागली, मेंढीमागे अर्धा पेनी, गाईबैलामागे दीड पेनी आणि घोड्यामागे तीन पेन्स, तरी एकूण रक्कम किरकोळच राहिली. स्क्वॉटर मंडळी मात्र या अर्ध्या पेनीविरुद्धही सभा घेत होती. सवलत मिळालेल्या वर्गाची तक्रार करण्याची क्षमता सवलतीच्या प्रमाणात वाढते, हे साखरसम्राटांच्या महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

रन चालवायचे कसे, याचे तंत्र ठरून गेले होते. पाण्याजवळ, पण पुराच्या रेषेच्या वर, एक मुख्य ठाणे बांधायचे. लाकडाच्या फळ्या उभ्या रोवून भिंती, वर सालीचे छप्पर. मेंढ्या असतील तर दूरवर छोटी ठाणी, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन मेंढपाळ आणि रात्री कळप कोंडायला हलवता येणारा वाडा, कारण तारेची कुंपणे यायला अजून बराच अवकाश होता. येरिंगची ओल मेंढीच्या खुरांना मानवणारी नव्हती, त्यामुळे तिथे मुख्यतः गुरे होती. सीमा म्हणजे नदी, ओढा, डोंगराची धार, आणि जिथे निसर्गाने काही दिले नाही तिथे कुऱ्हाडीने खुणा केलेली झाडे किंवा नांगराने ओढलेली एक रेघ. नदी सर्वांत महत्त्वाची होती, कारण पाण्याचा काठ ज्याच्या ताब्यात त्याच्या मागची कोरडी जमीन दुसऱ्या कोणाच्या उपयोगाची राहत नसे. म्हणून व्हिक्टोरियातील सुरुवातीच्या रनांचा नकाशा पाहिला तर ती नद्यांना दोन्ही बाजूंनी चिकटून बसलेली दिसतात.

नेमके हेच काठ कुलिनांपैकीच असलेल्या वुरुंजेरी लोकांच्या उदरनिर्वाहाचे केंद्र होते. यारा नदीला ते बिरारुंग म्हणतात. पूर ओसरल्यावर तिच्या काठी मागे राहणाऱ्या तळ्यांत ईल मासे मिळत, पाणपक्षी मिळत, आणि मोकळ्या माळावर मर्नाँग नावाच्या पिवळ्या फुलाच्या रोपाचे कंद बायका काठीने खणून काढत. गवताळ माळ मोकळा राहावा म्हणून ठरावीक काळाने आग लावण्याची त्यांची पद्धत होती. ज्या हिरव्या माळाला पाहून रायरी थांबला तो माळ तसा असण्यात या माणसांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कामाचा वाटा होता. जनावरे आली आणि काही हंगामांत मर्नाँग खाऊन, तुडवून गेली. उपासमार सुरू झाली ती अशी, कुठल्याही लढाईआधी.

लढाईही झाली. जानेवारी १८४० मध्ये वुरुंजेरींच्या सुमारे पन्नास लोकांचा एक गट, त्यांतल्या काहींजवळ बंदुका असलेला, खोऱ्यातून वावरत होता, आणि खालच्या अंगाला वॉरंडाइट येथील एका ठाण्यावर बटाट्यांवरून त्यांचा तेथील गोऱ्यांशी खटका उडाला होता. त्यांचा म्होरक्या जागा जागा याला पकडण्यासाठी क्राउन लँड्सचे आयुक्त हेन्री गिझबर्न हे बॉर्डर पोलिसांची तुकडी घेऊन येरिंगला आले. जागा जागाला पकडण्यात आले, पण १३ जानेवारीला त्याच्या साथीदारांनी हल्ला चढवला, शिपायांना नदीकाठच्या दलदलीकडे ओढत नेले, आणि त्या गडबडीत जागा जागाची सुटका झाली. कोणी मेल्याची नोंद नाही. आज या प्रसंगाला येरिंगची लढाई म्हणतात. आकाराने ती चकमकच, पण तिच्यातली एक बाब ध्यानात ठेवावी : बॉर्डर पोलिसांचा खर्च ज्या निधीतून होत असे तो निधी जनावरांवरील त्या डोईपट्टीतून उभा राहत असे. स्क्वॉटर भरत असलेल्या अर्ध्या पेनीच्या बदल्यात त्याला काय मिळत होते, याचे हे उत्तर. रायरी बंधूंचे वुरुंजेरींशी संबंध इतर अनेकांच्या तुलनेत बरे होते असे सांगितले जाते, आणि ते खरेही असेल. पण चांगला माणूस असण्याने ४३,००० एकर परत मिळत नाहीत.

याच काळात वुरुंजेरींचे एक मान्यवर प्रमुख बिलिबेल्लारी, जे बॅटमनच्या करारावेळी हजर असलेल्या आठांपैकी एक होते, त्यांनी सरकारने नेमलेले मूळ रहिवाशांचे सहायक संरक्षक विल्यम थॉमस यांच्यापाशी एक गोष्ट बोलून दाखवली होती : यारा नदीवर आमच्या लोकांना त्यांची म्हणून जमीन मिळाली तर ते तिथे राहतील आणि ती कसतील. मागणी साधी होती आणि स्क्वॉटरच्या मागणीपेक्षा किती तरी लहान होती. तिला त्या वेळी काहीही फळ आले नाही. बिलिबेल्लारी १८४६ मध्ये वारले.

येरिंगचा पुढचा अध्याय मोठा रंगीत आहे आणि पर्यटकांना सांगितला जातो तोही हाच. रायरींनी ठाण्याजवळ द्राक्षाच्या वेली लावल्या होत्या, ब्लॅक क्लस्टर आणि स्वीटवॉटर अशा दोन जातींच्या. व्हिक्टोरियातला पहिला द्राक्षमळा म्हणून त्याची ओळख आहे. १८४५ च्या सुमारास तिथे पहिली वाइन तयार झाली. पण दरम्यान १८४०च्या दशकाच्या सुरुवातीची मंदी येऊन गेली होती, लोकरीचे आणि जनावरांचे भाव इतके पडले होते की वसाहतीत मेंढ्या उकळून त्यांची चरबी विकली जात होती, आणि अनेक स्क्वॉटर बुडाले. १८५० मध्ये येरिंग पॉल द कास्तेला या विशीतल्या स्विस तरुणाच्या हाती आले. मेलबर्नमध्ये स्विस कसे, हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे एक उत्तर असे की पोर्ट फिलिपचे अधीक्षक चार्ल्स लाट्रोब यांची पत्नी सोफी ही स्वित्झर्लंडच्या नॉइशातेलची होती, आणि त्या ओळखीच्या धाग्याने त्या भागातील अनेक घरांतले तरुण इकडे आले. माणसे माणसांच्या मागे जातात, हे आखाती देशांत गेलेल्या रत्नागिरीच्या गावांनी सिद्धच केले आहे.

कास्तेलाच्या खरेदीनंतर वर्षभरातच, १८५१ मध्ये, व्हिक्टोरिया न्यू साउथ वेल्सपासून वेगळे झाले आणि सोने सापडले. मेंढपाळ काठी टाकून खाणींकडे पळाले, मजुरी गगनाला भिडली, पण त्याच वेळी खाणींवर आणि मेलबर्नमध्ये लाखो तोंडे खायला आली आणि मांसाचा भाव चढला. ज्याच्याकडे शहराजवळ नदीकाठच्या गवतावर पोसलेली गुरे होती त्याची चांदी झाली. या पैशातून १८५४ मध्ये येरिंगला मोठा वाडा उभा राहिला, फ्रान्सहून द्राक्षांच्या काड्या मागवण्यात आल्या, मळा वाढला. पॉलचा थोरला भाऊ ह्यूबर त्याच वर्षी आला. त्याने येरिंगच्याच जमिनीतून पुढे सेंट ह्यूबर्ट्स हा मळा काढला, आणि युरोपात परतल्यावर स्क्वॉटरांच्या जीवनावर फ्रेंचमध्ये एक पुस्तकही लिहिले. तिसरा स्विस गिय्योम द प्युरी याने येरिंगबर्ग वसवले. म्हणजे रायरींच्या एका परवान्याच्या पोटातून तीन नामांकित द्राक्षमळे जन्मले. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात येरिंगच्या वाइनला ग्रां प्री मिळाले. आजही तिथल्या दुकानाच्या भिंतीवर या पारितोषिकाचा उल्लेख असतो, आणि तो सार्थ अभिमान आहे, यात शंका नाही.

मात्र या वैभवाच्या मुळाशी असलेला प्रश्न असा की चराईचा वार्षिक परवाना असलेल्या माणसाने पक्का वाडा आणि पंचवीस वर्षे टिकणाऱ्या द्राक्षवेली कोणत्या भरवशावर लावल्या? उत्तर पुन्हा कायद्यात आहे. गव्हर्नर गिप्स यांनी १८४४ मध्ये प्रत्येक रनासाठी वेगळा परवाना आणि सुधारणांच्या हक्कासाठी काही जमीन विकत घेण्याची अट घालायचा प्रयत्न केला, तेव्हा स्क्वॉटरांनी इतका गदारोळ केला, आणि लंडनच्या लोकर व्यापाऱ्यांनी त्यांना अशी साथ दिली, की ब्रिटिश संसदेने १८४६ मध्ये नवा कायदा केला. त्याला धरून १८४७ मध्ये निघालेल्या आदेशाने दूरच्या भागांत चौदा वर्षांपर्यंतचे भाडेपट्टे कबूल केले, आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे, स्क्वॉटरला आपल्या ठाण्याभोवतीची ६४० एकर, म्हणजे एक चौरस मैल जमीन एकरी एक पौंडाने, लिलावाशिवाय, इतर सर्वांच्या आधी विकत घेण्याचा हक्क दिला. भाडेपट्ट्यांवरून व्हिक्टोरियात बरीच वर्षे वाद चालला, पण त्या चौरस मैलाचा उपयोग स्क्वॉटरांनी मन लावून केला. वाडा, विहीर, मळा आणि नदीचा काठ या चौरस मैलात बसवला की बाकीची जमीन हातातून गेली तरी बिघडत नव्हते.

ती हातातून जाण्याचे कायदेही आले. १८६० पासून पुढे निकल्सन, डफी, ग्रँट या मंत्र्यांच्या नावांनी ओळखले जाणारे जमीन कायदे झाले, सोन्याच्या खाणी ओसरल्यावर बेकार झालेल्यांना लहान शेतजमिनी मिळाव्यात म्हणून. त्यांना चकवण्याचे मार्ग आपल्या कमाल जमीनधारणा कायद्याच्या काळाची आठवण करून देतात : नोकराच्या नावावर, मेहुण्याच्या नावावर, बँकेतील ओळखीच्या कारकुनाच्या नावावर अर्ज, आणि पाणवठ्याचे तेवढे तुकडे आधी उचलून घेणे. सगळ्याच स्क्वॉटरांनी हे केले असे नाही आणि येरिंगबद्दल तसा आरोप मी करत नाही. सांगायचे ते एवढेच की वीस-पंचवीस वर्षांत हद्दीबाहेरची मनाई, मग परवाना, मग पट्टा, मग पूर्वहक्क आणि शेवटी कायम मालकी अशा पायऱ्या चढत एक बेकायदा वस्ती पूर्ण कायदेशीर झाली. प्रत्येक पायरीवर युक्तिवाद एकच होता : आम्ही इथे राहतो आहोत, आम्ही ही जमीन सुधारली आहे, म्हणून ती आमची.

हाच युक्तिवाद त्याच नदीच्या वरच्या अंगाला, येरिंगपासून दहा-पंधरा किलोमीटरवर, दुसऱ्या लोकांनी करून पाहिला. बिलिबेल्लारींचे पुत्र सायमन वोंगा यांनी १८५९ मध्ये शेजारच्या तौंगुरुंग लोकांचे शिष्टमंडळ मेलबर्नला नेले आणि अ‍ॅकेरॉन नदीच्या काठी शेतीसाठी जमीन मिळवली. लोकांनी ती साफ केली, कुंपण घातले, पेरणी केली. मग आसपासच्या स्क्वॉटरांनी दबाव आणला आणि त्यांना तिथून दुसऱ्या, वाईट जागी हलवण्यात आले. १८६३ च्या मार्चमध्ये वोंगा आणि त्यांचे चुलतभाऊ विल्यम बराक सुमारे चाळीस माणसे घेऊन ब्लॅक स्परचा डोंगर पायी ओलांडून यारा खोऱ्यात उतरले आणि बॅजर क्रीक हा ओढा नदीला मिळतो तिथे वस्ती केली. बराक लहान असताना बॅटमनच्या करारावेळी तिथे हजर होते. मे महिन्यात हे लोक मेलबर्नला गेले, गव्हर्नर बार्कली यांच्या दरबारात राणी व्हिक्टोरियासाठी कातडी पांघरुणे, भाले, टोपल्या अशा भेटी दिल्या. आणि जूनअखेर २,३०० एकर जमीन त्यांच्यासाठी राखून ठेवली गेली. राणीनेच ती दिली असा त्यांचा समज झाला, आणि भेटीचा व जमिनीचा क्रम पाहता तो समज वेडेपणाचा म्हणता येत नाही. त्या जागेला त्यांनी कोरांडर्क हे नाव दिले. १८६६ पर्यंत क्षेत्र वाढून ४,८५० एकर झाले. येरिंगच्या मूळ रनचा साधारण नववा हिस्सा.

कोरांडर्कबद्दल वाचताना मला सर्वांत जास्त वेळ गुंतवून ठेवले ते तिथल्या कामाने. जॉन ग्रीन हे पहिले व्यवस्थापक माणसांवर विश्वास टाकणारे होते, वस्तीचे तंटे वस्तीच्याच पंचांकडून सोडवून घेत. घरे झाली, शाळा झाली, पावाची भट्टी झाली, गहू आणि भाजीपाला निघू लागला. १८७२ मध्ये बिअरला लागणाऱ्या हॉप्सची लागवड सुरू झाली आणि कोरांडर्कच्या हॉप्सला मेलबर्नच्या बाजारात उत्तम भाव मिळू लागला. १८८१ च्या मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्याला पहिले बक्षीसही मिळाले. त्याच प्रदर्शनात सेंट ह्यूबर्ट्सच्या वाइनचाही मोठा गौरव झाला. एकाच नदीच्या गाळाने एकाच वर्षी दोन्हीकडे यश दिले होते.

तोवर स्थानिक शेतकऱ्यांचा डोळा त्या जमिनीवर पडला होता. जवळचे हील्सव्हिल गाव १८६४ मध्ये आखले गेले होते आणि मूळ रहिवाशांच्या संरक्षणासाठी असलेल्या सरकारी मंडळातील काहींच्या मते इतकी चांगली जमीन त्यांच्यासाठी ‘जास्त’ होती. १८७४ मध्ये ग्रीन यांना बाजूला सारले गेले. वस्ती मोडून लोकांना उत्तरेकडे मरे नदीकाठी न्यावे असा बेत पुढे आला, आणि त्यासाठी दिलेले कारण असे की यारा खोऱ्याची थंड, दमट हवा त्यांच्या प्रकृतीला मानवत नाही. म्हणजे जिथे त्यांचे पूर्वज हजारो वर्षे राहिले तिथली हवा. बराक यांनी दिलेले उत्तर नोंदले गेले आहे : यारा हा माझ्या वडिलांचा प्रदेश आहे, तो सोडून मी जाणार नाही, आणि मरे नदीकाठी माझ्यासाठी डोंगर नाहीत. वोंगा वारल्यानंतर लोकांचे नेतृत्व त्यांच्याकडे आले होते. अर्ज लिहायचे, सह्या घ्यायच्या, आणि गरज पडली की साठेक किलोमीटर पायी चालून थेट मंत्र्यांपुढे उभे राहायचे, हा क्रम वर्षानुवर्षे चालला. १८८१ मध्ये सरकारला चौकशी नेमावी लागली. तिच्या सदस्यांत अ‍ॅन बॉन या होत्या, स्वतः एका मोठ्या रनच्या मालकीण आणि स्क्वॉटरची विधवा. त्या आयुष्यभर कोरांडर्कच्या बाजूने उभ्या राहिल्या. वर्ग आणि विवेक यांचे नाते लोक समजतात तितके सरळ नसते, हे त्यांच्याकडे पाहून कळते. १८८४ मध्ये कोरांडर्कला कायमस्वरूपी राखीव जमिनीचा दर्जा मिळाला.

तो जिंकल्याचा आनंद दोन वर्षे टिकला. १८८६ च्या कायद्याने चौतीस वर्षांखालील मिश्र वंशाच्या लोकांना राखीव वस्त्यांत राहण्यास बंदी केली. याचा अर्थ, हॉप्स तोडणारे, नांगर धरणारे, अर्ज लिहिणारे तरुण हात एका फटक्यात बाहेर गेले, कुटुंबे तुटली, आणि मागे उरलेल्या म्हाताऱ्यांना एवढी जमीन कसता येत नाही असे म्हणण्याची सोय झाली. १८९३ मध्ये निम्मी जमीन काढून घेण्यात आली. बराक १९०३ मध्ये वारले. योगायोगाने पॉल द कास्तेलाही त्याच वर्षी. १९२४ मध्ये वस्ती अधिकृतपणे बंद झाली आणि बहुतेकांना दूर पूर्वेकडे लेक टायर्सला पाठवले गेले, थोडे म्हातारे हट्टाने राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर ही जमीन परतलेल्या सैनिकांना शेतीसाठी वाटली गेली. कोरांडर्कच्या वंशजांपैकीही काही त्या युद्धात लढले होते, त्यांना ती मिळाली नाही.

राहणे आणि जमीन सुधारणे हेच मालकीचे प्रमाण धरायचे तर कोरांडर्कचा दावा येरिंगपेक्षा एका अंगानेही कमी नव्हता, आणि राहण्याच्या कालावधीचा मुद्दा काढला तर तुलना करण्यातच अर्थ नाही. म्हणून ‘कायद्याने जमीन मिळवली’ हे स्क्वॉटरांच्या वंशजांकडून ऐकू येणारे वाक्य मला अपुरे वाटते. कायद्याने मिळाली हे खरे आहे. पण तोच कायदा एका वस्तीला दर काही वर्षांनी वरची पायरी देत गेला आणि दुसरीखालची पायरी काढून घेत गेला, हेही तितकेच खरे आहे, आणि दोन्ही वस्त्यांचे पाणी एकाच नदीतून येत होते.

येरिंगची वाइनही पुढे मंदावली. १८९०च्या दशकातील बँका बुडण्याचा काळ, गोड आणि कडक वाइनकडे वळलेली लोकांची आवड, यांत १९२०च्या दशकापर्यंत खोऱ्यातील वेली जवळजवळ संपल्या आणि नदीकाठी पुन्हा गाई चरू लागल्या, या वेळी दुधाच्या. १९६०च्या दशकापासून द्राक्षे परत आली. १८५९ ची जुनी इमारत आज वाइन चाखायला येणाऱ्यांचे स्वागत करते आणि कास्तेलाचा वाडा हॉटेल झाला आहे. कोरांडर्कच्या जमिनीच्या एका भागावर हील्सव्हिलचे प्रसिद्ध प्राणिसंग्रहालय आहे, जिथे प्लॅटिपस पाहण्यासाठी मुलांना घेऊन आम्हीही गेलो आहोत. १९९९ मध्ये मूळ राखीव जमिनीपैकी सुमारे ८१ हेक्टर, बाजारात विकत घेऊन, वंशजांच्या संस्थेकडे परत आली. २०१७ मध्ये राज्याने यारा नदीसाठी स्वतंत्र कायदा केला, ज्याच्या शीर्षकात वुरुंजेरींच्या भाषेतील शब्द आहेत आणि ज्यात नदीला एकसंध सजीव अस्तित्व मानले आहे.

बराक म्हातारपणी चित्रे काढत, आणि शेजारच्या द प्युरी कुटुंबाशी त्यांची मैत्री होती. त्यांनी त्या घराला दिलेले समारंभी नृत्याचे एक चित्र आणि हाताने कोरलेली एक ढाल स्वित्झर्लंडला गेली, पिढ्यांमागून पिढ्या घरात राहिली, आणि २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात विक्रीला आली. वुरुंजेरी संस्थेने लोकवर्गणी गोळा केली, व्हिक्टोरिया सरकारने भर घातली, आणि लाखो डॉलरची बोली लावून दोन्ही वस्तू परत आणल्या गेल्या. देणाऱ्याच्या वारसांना ती भेट पूर्ण बाजारभाव मोजून सोडवून घ्यावी लागली, आणि यातला व्यवहार पहिल्यापासून शेवटपर्यंत अगदी कायदेशीर होता.